कॉन्फिगर इन्स्टॉल शोधतो, सीपी का शोधत नाही?

सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, सॉफ्टवेअर बांधायला घेतलं आणि मशीन तपासून तयारी करणारी ‘./कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट मारली, की पडद्यावर पळणाऱ्या ओळींत सुरुवातीलाच एक ओळ येते: ‘चेकिंग फॉर अ बीएसडी-कम्पॅटिबल इन्स्टॉल’. पुढे उत्तर असतं, बहुतेक वेळा ‘/यूएसआर/बिन/इन्स्टॉल -सी’. इन्स्टॉल म्हणजे बांधलेल्या फाइली त्यांच्या जागी बसवणारी कमांड, आणि बीएसडी हे युनिक्सचं एक जुनं घराणं. आमच्या वणी-मारेगावकडे नेट रडतखडत चालतं. सोर्स पेनड्राइव्हवरून हातोहात फिरतो आणि पोरं तो स्वतःच बांधतात, त्यामुळे ही ओळ सगळ्यांच्या ओळखीची. प्रश्नही ठरलेला: “सर, आपल्याकडं तं उबंटू हाय, मंग हे बीएसडी काऊन शोधून रायलं?” पाठोपाठ दुसरा येतो, आणि तो जास्त चांगला आहे: “फाइल इकडची तिकडंच टाकायची हाय ना? मंग सीपी नाई चालत काय?”

आधी दुसरा घेऊ. सीपी (फाइलची नक्कल करणारी साधी कमांड) नक्कल करतो आणि मोकळा होतो. ती फाइल पुढे कोण चालवणार, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. समजा लॅबच्या सर्व्हरवर एका पोराचा यूमास्क, म्हणजे नव्या फाइलीच्या परवानग्यांतून काय कापायचं ते सांगणारा आकडा, ०७७ आहे. म्हणजे तो जे काही बनवेल ते त्याच्याशिवाय कुणालाच उघडता येत नाही. त्यानं प्रोग्राम बांधला, त्याची परवानगी झाली ७००, म्हणजे सगळं फक्त मालकाला. मग सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावानं, सीपीनं तो /यूएसआर/लोकल/बिनमध्ये टाकला. नवी फाइल करताना सीपी मूळ परवानगीवरूनच चालतो आणि यूमास्क अडवेल तेवढं कापतो, त्यामुळे तिथेही ७००च. वर मालक आता रूट. वर्गातल्या कुणालाच तो प्रोग्राम चालत नाही, आणि गंमत म्हणजे ज्यानं बांधला त्यालाही नाही! ‘परमिशन डिनाइड’. हेच काम इन्स्टॉलनं केलं असतं तर काही न सांगता परवानगी ७५५ (चालवायला सगळ्यांना, बदलायला फक्त मालकाला) झाली असती, यूमास्क काहीही असो. साध्या डेटा फाइलसाठी ‘-एम ६४४’ दिलं की तेवढंच. मालक, गट, डीबगची माहिती छाटून टाकणं, लागेल ती डिरेक्टरी तयार करणं, सगळं त्या एकाच कमांडमध्ये बसतं.

दुसरा फरक वरून दिसत नाही, पण माझ्या मते तोच मोठा. लिनक्सवर एखादा प्रोग्राम चालू असताना सीपीनं त्याच्यावर नवी आवृत्ती टाकायला जा, ‘टेक्स्ट फाइल बिझी’ म्हणून नकार मिळतो. कारण सीपी आहे त्याच फाइलच्या पोटात नवा मजकूर भरायला बघतो. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा इन्स्टॉल आधी जुनी फाइल त्या नावावरून काढतो आणि त्या जागी नवी तयार करतो. चालू असलेला प्रोग्राम जुन्या फाइलला धरून राहतो, पुढच्या वेळी सुरू होईल तो नवा. शेअर्ड लायब्ररीच्या (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती कोडची फाइल) बाबतीत तर सीपी जास्तच धोक्याचा, कारण तिथे नकारही येत नाही. चालत्या प्रोग्रामच्या पायाखालची फाइल बदलते आणि तो मध्येच कोसळू शकतो.

एवढा गुणाचा आहे तर मेकफाइलमध्ये (‘मेक’ या बांधणी करणाऱ्या कमांडसाठीच्या सूचनांच्या फाइलीत) सरळ ‘इन्स्टॉल’ लिहून का टाकत नाहीत? सीपी पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या समान मानकात आहे. ग्नूच्या नियमांतही कॉन्फिगर आणि मेकफाइलनं बिनदिक्कत वापरावीत अशा कमांडच्या यादीत तो बसतो, म्हणून त्याला शोधायची गरजच पडत नाही. इन्स्टॉल पॉसिक्समध्ये नाही. ज्यानं त्यानं आपापला बनवला आणि नाव मात्र सगळ्यांनी तेच ठेवलं. आपल्याकडे गावात ‘ए गजानन’ अशी हाक मारली तर चार घरांतून चार जण बाहेर येतात, तशातली गत.

खरी मेख ‘-सी’मध्ये आहे. बीएसडीच्या जुन्या इन्स्टॉलला ‘-सी’ दिलं नाही तर तो नक्कल न करता मूळ फाइलच उचलून नेत असे. ‘-सी’ म्हणजे तिथे ‘नक्कल कर, मूळ राहू दे’. ग्नूचा इन्स्टॉल मुळातच नक्कल करतो आणि ‘-सी’कडे दुर्लक्ष करतो. सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या दुसऱ्या घराण्यातल्या इन्स्टॉलला मात्र ‘-सी’पुढे डिरेक्टरीचं नाव लागतं. म्हणजे बीएसडीच्या धाटणीनं लिहिलेली ओळ त्याला दिली तर तो पहिल्या फाइललाच डिरेक्टरी समजणार. पोरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे: कॉन्फिगर बीएसडी शोधत नाही, बीएसडीसारखं वागणारा इन्स्टॉल शोधतो. उबंटूत अनेक वर्षं असलेला ग्नूचा त्यात बसतो.

कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फच्या ज्या मॅक्रोतून (कोडच्या तयार तुकड्यातून) ही तपासणी येते, त्यात नापास झालेल्यांची यादी टिपून ठेवलेली आहे, ती मुद्दाम वाचण्यासारखी आहे. सनओएस, आयरिक्स, एआयएक्स या युनिक्स सिस्टिमांचे इन्स्टॉल त्यात आहेत. एक आहे तो अस्तित्वात नसलेला ‘स्टाफ’ नावाचा गट वापरायला जातो. अमिगाओएसचा इन्स्टॉल तर फ्लॉपीवर बूटब्लॉक, म्हणजे मशीन सुरू करणारा तुकडा, लिहितो! एआयएक्सचा ओळखायची युक्तीही मजेशीर: त्या फाइलमध्ये ‘डीएसपीएमएसजी’ हा शब्द सापडला की तो बाद.

यादीतून सुटला म्हणून लगेच पास होत नाही. कॉन्फिगर पाथमधल्या (कमांड जिथे शोधायच्या त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीतल्या) एकेका डिरेक्टरीत ‘जीइन्स्टॉल’, ‘स्कोइन्स्ट’ आणि ‘इन्स्टॉल’ ही तीन नावं या क्रमानं बघतो. उमेदवार सापडला की छोट्या दोन फाइली लिहितो, एक रिकामी डिरेक्टरी करतो आणि दोन्ही फाइली एकाच आज्ञेत तिथे ठेवायला सांगतो. दोन्ही पोचल्या आणि आत मजकूर असला, तरच तो उमेदवार पक्का. नावावर विश्वास न ठेवता काम करून घेऊन बघणं, ही पद्धत मला फार आवडते.

कुणीच पास झालं नाही तर सोर्ससोबत आलेली ‘इन्स्टॉल-एसएच’ नावाची शेल स्क्रिप्ट कामाला येते. तिचं मूळ एक्स विंडो या ग्राफिक्स सिस्टिमच्या सोर्समध्ये आहे. ती हळू चालते, कारण दर फाइलला बाकीच्या कमांड एकामागून एक बोलवाव्या लागतात. म्हणूनच सिस्टिमचा प्रोग्राम चांगला असेल तर पसंती त्याला. पण लॅबमधला इन्स्टॉल उत्तम आहे म्हणून ही स्क्रिप्ट सोर्समधून उडवू नका, कॉन्फिगर तिथेच अडतो. दुसऱ्याच्या मशीनवर ती लागेल आणि तुम्ही द्यायची विसराल, म्हणून ही तपासणी मुद्दाम ठेवलेली आहे. पूर्वी तिचं नाव ‘इन्स्टॉल.एसएच’ होतं. ते बदललं, कारण मेकफाइल नसेल तर काही मेक त्या नावावरून आपल्या मनानंच ‘इन्स्टॉल’ नावाची फाइल बनवून ठेवत, आणि मग तीच गोंधळ घाली.

कॉन्फिगरनं निवडलेला इन्स्टॉल नको असेल तर ‘इन्स्टॉल’ हेच व्हेरिएबल, नाव कॅपिटल अक्षरांत, ठरवून कॉन्फिगरला द्यायचं. प्रोग्रामचा पत्ता पूर्ण द्या, मुळापासून. म्हणजे मेक कुठल्याही पोटडिरेक्टरीत शिरला तरी त्याला तोच इन्स्टॉल सापडतो.