ॲक्सेस-ग्रुप आणि ॲक्सेस-क्लास: नाका वेगळा, दार वेगळं

स्टँडर्ड आणि एक्स्टेंडेड ॲक्सेस लिस्ट (कुठलं पॅकेट सोडायचं, म्हणजे परमिट, आणि कुठलं अडवायचं, म्हणजे डिनाय, याची यादी), वाइल्डकार्ड मास्क, शेवटी न दिसणारा डिनाय, हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. घोळ लिस्ट लिहिण्यात होत नाही, ती लावायची कुठे यात होतो. नागपूरजवळ हिंगण्याला बघितला, बुटीबोरीला बघितला, शहरातल्या कॉलेजांत बघितला. मॅनेजमेंट व्हीलॅनच्या (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्याच्या) एसव्हीआयवर, म्हणजे त्या व्हीलॅनसाठी स्विचवर असलेल्या आभासी इंटरफेसवर, लिस्ट चढवायची आणि कोअर, म्हणजे मुख्य स्विचचं लॉगिन बंद झालं असं समजायचं. ते बंद झालेलं नसतं.

सिस्कोच्या भाषेत 'आयपी ॲक्सेस-ग्रुप' इंटरफेसवर लागतं आणि 'ॲक्सेस-क्लास' व्हीटीवाय लाइनवर, म्हणजे दुरून केलेलं लॉगिन ज्यावर येतं त्या आभासी लाइनवर. पहिलं त्या एका इंटरफेसमधून आत येणारी किंवा बाहेर जाणारी पॅकेटं तपासतं. दुसरं स्विचवरच येऊन थांबणारं टेलनेट किंवा एसएसएच (दुरून लॉगिनचं) सेशन तपासतं, मग ते कुठल्याही इंटरफेसने, स्विचच्या कुठल्याही पत्त्यावर येवो.

एका कॉलेजच्या लॅबमधला प्रसंग सांगतो. मॅनेजमेंट व्हीलॅन ९९, कोअरवर त्याचा पत्ता १०.१०.९९.१. लॅबचा व्हीलॅन २०, त्याचा गेटवे १०.१०.२०.१. एसव्हीआय ९९ वर इन आणि आउट, दोन्ही दिशांना लिस्ट. तिथला सिस्टिम ॲडमिन म्हणाला, "सर, लिस्ट लावली आहे नं, तरी लॉगिन येऊन राहिलं." मी लॅबच्या पीसीवर बसलो, पुटी या लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये १०.१०.९९.१ टाकलं. काळ्या खिडकीत 'लॉगिन ॲज' आलं. मग १०.१०.२०.१ टाकलं, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला पीसीवर दिसणारा गेटवे. तिथेही तेच.

आता त्या पॅकेटचा रस्ता बघा. लॅबमधून निघालेलं पॅकेट एसव्हीआय २० मधून आत आलं. एसव्हीआय ९९ ची इन लिस्ट फक्त व्हीलॅन ९९ मधून आत येणाऱ्यांना बघते, त्यामुळे तिने ते पाहिलंच नाही. आउट लिस्ट तरी लागेल? नाही. ९९.१ हा पत्ता स्विचचा स्वतःचा, पॅकेट थेट सीपीयूकडे गेलं. ते एसव्हीआय ९९ मधून बाहेर पडलंच नाही, मग आउट लिस्ट तपासणार काय?

वाडीला नाकाबंदी केली आणि पाहुणा कामठी रोडने सीताबर्डीत घरी पोचला, तशातली ही गत. नाका चोख होता, पण पाहुणा त्या रस्त्याने आलाच नाही. ॲक्सेस-क्लास म्हणजे घराचं दार. पाहुणा वर्धा रोडने येवो की उमरेड रोडने, दार ओलांडल्याशिवाय आत येत नाही.

मग इतक्या हुशार लोकांची फसगत का होते? कारण चाचणी चुकीच्या स्विचवर होते. मजल्यावरचे ॲक्सेस स्विच लेयर-२ चे, म्हणजे राउटिंग न करणारे, त्यांचे पत्ते १०.१०.९९.११, ९९.१२ असे. लॅबमधून ९९.११ कडे जाणारं पॅकेट कोअरवरून राउट होऊन खरोखरच एसव्हीआय ९९ मधून बाहेर पडतं, आणि तिथे आउट लिस्ट त्याला नीट अडवते. ॲडमिन ९९.११ वर चाचणी करतो, लॉगिन येत नाही, समाधानाने उठतो. कोअर मात्र उघडाच राहतो, आणि साऱ्या इमारतीचं नेटवर्क त्याच्यावर उभं असतं.

कुणी म्हणेल, मग प्रत्येक एसव्हीआयवर इन लिस्ट लावू. लावता येते. पण १२ व्हीलॅन असतील तर १२ लिस्टा, प्रत्येकीत स्विचचे १२ पत्ते, म्हणजे एकट्या एसएसएचसाठी १४४ डिनाय ओळी. उद्या तेरावा व्हीलॅन नव्याने तयार केला की त्याचा नवा पत्ता जुन्या बाराही लिस्टांत टाकावा लागेल, आणि एखादी राहून जाईलच. त्यापेक्षा व्हीटीवायवर एक स्टँडर्ड लिस्ट: ॲडमिनच्या पीसींचं सबनेट परमिट, खाली 'डिनाय एनी लॉग'. शेवटचा डिनाय आपोआप असतो हे मान्य, पण तो लॉगमध्ये काही लिहीत नाही. कुणी दार ठोठावलं हे मला कळायलाच हवं.

माझा आग्रह स्पष्ट आहे: कोअरवर आधी ॲक्सेस-क्लास, इंटरफेसवरची लिस्ट त्यानंतर. इंटरफेसची लिस्ट टाकाऊ नाही. मागच्या ॲक्सेस स्विचपर्यंत लॅबची पॅकेटं पोचू नयेत यासाठी ती हवीच. पण त्या प्रत्येक स्विचवरही त्याचं स्वतःचं ॲक्सेस-क्लास असू द्या.

'लाइन व्हीटीवाय ० ४' वर लिस्ट लावून ५ ते १५ मोकळ्या सोडणं मला अजिबात खपत नाही. पहिल्या पाच लाइन व्यापल्या की पुढचं सेशन सहाव्या लाइनवर येतं, आणि तिथे कुणी विचारणारं नसतं. सरळ '० १५' लिहा. दिशा 'इन', 'आउट' हे स्विचवरून दुसरीकडे केलेल्या टेलनेट-एसएसएचसाठी आहे. मॅनेजमेंट पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये, म्हणजे वेगळ्या राउटिंग टेबलात, असेल तर 'व्हीआरएफ-ऑल्सो' जोडा, नाहीतर परमिट असलेला ॲडमिनही बाहेर राहील.

एसएनएमपी (उपकरणांवर नजर ठेवण्याचा प्रोटोकॉल) आणि स्विचचं वेब पान व्हीटीवायवरून येत नाहीत, म्हणून ॲक्सेस-क्लास त्यांना शिवत नाही. एसएनएमपीच्या कम्युनिटीला, म्हणजे त्याच्या पासवर्डसारख्या शब्दाला, लिस्ट वेगळी जोडावी लागते. वेब सर्व्हर मी बंदच करतो. जुनिपरवाल्यांनी हेच काम लूपबॅक एलओ० वरच्या फिल्टरने करायचं. तिथे ते फिल्टर राउटिंग प्रोटोकॉललाही लागतं, तेव्हा परमिट जपून लिहा.

लावण्याआधी 'रीलोड इन १०' द्या, म्हणजे स्वतःच बाहेर अडकलात तर दहा मिनिटांनी जुनं कॉन्फिगरेशन परत येईल. तोवर सेव्ह करू नका. चालू सेशन उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करा, जमलं की 'रीलोड कॅन्सल' आणि मग सेव्ह. त्यानंतर लॅबच्या पीसीवर जाऊन तीन पत्ते टाका: २०.१, ९९.१ आणि दुसऱ्या कुठल्याही व्हीलॅनचा गेटवे. तिन्ही ठिकाणी कनेक्शन नाकारलं गेलं पाहिजे.