मुलांच्या जिऊ-जित्सू स्पर्धांमागचा इतिहास

जिऊ-जित्सूच्या स्पर्धेत दहा-अकरा वर्षांचा एखादा मुलगा लढत सुरू होताच प्रतिस्पर्ध्याची बाही धरून आपण होऊन पाठीवर आडवा होतो, तेव्हा कुस्ती पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला तो हरलाच असे वाटते. आपल्या आखाड्यात दोन्ही खांदे मातीला टेकले की निकाल लागतो. येथे मात्र खरी लढत तेथूनच पुढे सुरू होते. हा फरक नियमांनी घडवला आहे, आणि हे नियम घडण्याच्या प्रक्रियेत विद्यार्थ्यांचा वाटा सहसा समजला जातो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

जपानमधील जुजुत्सु (जिऊ-जित्सू हे त्याच शब्दाचे परदेशात रुळलेले रूप) ही मुळात सामुराईंची, शस्त्र हाती नसताना वा अपुरे असताना उपयोगी पडणारी विद्या होती आणि तिची अनेक घराणी होती. त्यांपैकी तेन्जिन शिन्यो आणि कितो या दोन घराण्यांचे शिक्षण घेतलेल्या जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिरात कोदोकान ही संस्था काढली आणि आपल्या पद्धतीला ज्युडो हे नाव दिले. कानो पेशाने शिक्षक होते. जीवघेणे डाव बाजूला काढले तर उरलेले डाव पूर्ण जोर लावून, रोज, एकमेकांवर करून पाहता येतात, हे त्यांनी ओळखले. स्पर्धा शक्य झाली ती या वगळण्यामुळे. मुलांच्या आजच्या नियमावलीतही हेच तत्त्व अधिक कडकपणे लागू केलेले दिसते.

जमिनीवरच्या लढतीला वेग दिला तो जपानच्या उच्च व विशेष शाळांतील विद्यार्थ्यांनी. या शाळांच्या आंतरशालेय स्पर्धा 1914 मध्ये क्योतो येथील शाही विद्यापीठाच्या पुढाकाराने सुरू झाल्या आणि त्या ‘कोसेन’ नावाने ओळखल्या जातात. लढती सांघिक असत. जिंकणारा मैदानात टिकून राही आणि पुढच्याशी भिडे, त्यामुळे दुबळ्या खेळाडूने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला बरोबरीत अडकवले तरी संघाचे काम भागत असे. शाळेत आल्यावरच ज्युडो शिकू लागलेल्या मुलाच्या हाती जेमतेम तीन वर्षे असत. उभ्याने फेक मारण्यात पारंगत व्हायला त्याहून अधिक काळ लागतो, जमिनीवरची पकड मात्र तुलनेने लवकर साधते, हा हिशेब विद्यार्थ्यांनी अचूक केला. पायांनी मान आणि एक हात आवळून घेणारा त्रिकोणी गळफास, ज्याला आज जगभर ‘ट्रँगल’ म्हणतात, याच वर्तुळात विकसित झाला. विद्यार्थी उभे राहायलाच तयार नाहीत हे पाहून कोदोकानने 1925 मध्ये थेट जमिनीवर उतरण्यावर निर्बंध आणले. कोसेन स्पर्धांनी मात्र आपले नियम सोडले नाहीत.

ब्राझीलचा प्रवाह याहून वेगळा आहे. कोदोकानचे मित्सुयो माएदा 1904 मध्ये, म्हणजे कोसेन स्पर्धांच्या दहा वर्षे आधी, जपानबाहेर पडले, देशोदेशी लढती करत 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे तेथील बेलेम शहरात स्थायिक झाले. त्या काळी परदेशात ज्युडोलाही सर्रास जिऊ-जित्सू म्हणत, म्हणून तेथे तेच नाव रुजले. त्यांच्याकडून ही विद्या कार्लोस ग्रेसी या किशोरवयीन मुलापर्यंत आली. कार्लोस आणि त्यांच्या भावांनी 1925 पासून रिओ द जानेरोमध्ये शिकवायला सुरुवात केली. धाकटे भाऊ एलिओ अंगाने किरकोळ होते आणि ताकदीपेक्षा तरफेवर भर देणारी पद्धत त्यांच्या नावाशी जोडली जाते. घराण्याच्या कथांमध्ये अतिशयोक्ती असतेच, पण 1951 मध्ये माराकाना स्टेडियममध्ये जपानच्या मासाहिको किमुरांकडून एलिओ हरले, आणि ज्या डावाने हरले त्याला ब्राझीलकरांनी ‘किमुरा’ हेच नाव दिले, ही गोष्ट नोंदलेली आहे.

तोवर हा खेळ आव्हानांच्या लढतींचा होता. 1967 मध्ये ग्वानाबारा राज्यात, म्हणजे तेव्हाच्या रिओ शहरात, महासंघ स्थापन झाला आणि गुण, वेळ व वजनगट असलेल्या स्पर्धेला चौकट मिळाली. 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे झालेल्या यूएफसी या वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांमधील पहिल्या स्पर्धेत हॉइस ग्रेसी जिंकले आणि अमेरिकेत जिऊ-जित्सू शिकण्याची लाट आली. पालक मुलांना वर्गात घालू लागले ते मुख्यतः त्यानंतर. पहिली जागतिक स्पर्धा 1996 मध्ये रिओत झाली. अबू धाबीने तर 2008 मध्ये हा विषय थेट शाळांमध्ये नेला, आणि 2018 च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई क्रीडास्पर्धांत जुजित्सूचा प्रथमच समावेश झाला.

आजच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पांढऱ्यानंतर करडा, पिवळा, नारिंगी आणि हिरवा असे वेगळे पट्टे आहेत. मोठ्यांचा निळा पट्टा सोळाव्या वर्षाआधी मिळत नाही. गुण मात्र सर्वांना सारखेच: पाडल्यास 2, प्रतिस्पर्ध्याच्या पायांचा अडसर ओलांडल्यास 3, छातीवर बसल्यास किंवा पाठीचा ताबा घेतल्यास 4. पाठीवर स्वतःहून पडण्याला काहीच गुण नाहीत, तरीही मुले पडतात, कारण खालून केलेल्या यशस्वी उलटापालटीचे 2 गुण मिळतात. लहान वयोगटांत मानेवर ताण आणणारे समोरून घातलेले गळफास बंद आहेत आणि सोळा वर्षांखालील मुलांना घोट्याचा सरळ पेचही वापरता येत नाही. पेच पुरता बसला आहे आणि दुखापत होऊ शकते असे दिसले, तर मुलाने हात थापटून हार मानण्याची वाट न पाहता पंच लढत थांबवू शकतात.