पडवीतल्या रिकाम्या पुंगळ्या

दुपारी तीनच्या सुमारास आबाकाकांचा फोन आला. "गाडयेची काच फोडल्यानी, बंदूक चोरल्यानी," एवढंच बोलले आणि गप्प झाले.

आबाकाका देवगड तालुक्यातले. सड्यावर हापूसची कलमं, खाली वाडीत नारळ-पोफळी. माकडं आणि रानडुकरं यांना पिटाळायला त्यांच्या घरात वडिलांच्या वेळेपासून एकनळी बाराबोर बंदूक आहे, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, म्हणून ते ती घेऊन तालुक्याच्या गावी निघाले होते. वाटेत गुडघ्याच्या दुखण्यासाठी दवाखान्यात शिरले. बंदूक मागच्या सीटखाली, कापडात गुंडाळून, वर गोणपाट. वीस मिनिटांनी परत आले तर मागच्या दाराची काच नाही, आणि सीटवर खडीसाखरेसारखे दाणे पसरलेले.

त्या दाण्यांपासूनच सुरुवात करतो, कारण गाडीत बंदूक का ठेवू नये याचं उत्तर त्यांच्यातच आहे.

गाडीची दाराची काच साधी नसते, 'टफन' केलेली असते. ती ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत मारतात. बाहेरची कातडी लगेच घट्ट होते. आतला गाभा मागाहून निवत जातो आणि निवताना आकसू पाहतो, पण कातडी आता सरकायला तयार नसते. या ओढाताणीत पृष्ठभाग कायमचा दाबला जातो आणि गाभा कायमचा ताणलेला राहतो. पृष्ठभागावरचा हा दाब दर चौरस सेंटीमीटरला ७०० किलो वजनाच्या घरात असतो. काच फुटते ती भेगेमुळे, आणि भेग वाढते ती ताणात. दाबाखालच्या कातडीत भेगेला पुढे सरकता येत नाही, म्हणून ही काच साध्या काचेपेक्षा चारपाच पट मजबूत असते. दार आपटलं, चेंडू लागला, तरी तिला काही होत नाही.

पण एखादी भेग कातडी ओलांडून गाभ्यापर्यंत पोचली की आत साठलेली सगळी ओढ एकदम सुटते. भेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगानं धावते, फाटे फोडते, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्खी काच बोथट दाण्यांत विखुरते. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. अपघातात माणसाच्या मानेत सुरीसारखा तुकडा घुसू नये, अडकलेल्याला काच फोडून बाहेर काढता यावं, यासाठी. समोरची काच वेगळी. तिच्यात दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, म्हणून ती फुटली तरी जागेवर लोंबत राहते.

म्हणजे दाराची काच हा वेळ आली तर झटकन मोकळा व्हावा असा रस्ता आहे. कुलूप लावलं, काचा वर केल्या, की आपल्याला गाडी बंद कपाटासारखी वाटू लागते. ती कपाट नाही. गोणपाटानं बंदूक दिसेनाशी झाली हे खरं, पण सीटखाली लांबट काहीतरी झाकलंय हे उलट जास्त उठून दिसतं.

अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर घडतं. तिथल्या केंद्रीय शस्त्र विभागाच्या हिशोबानं २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत खासगी मालकांकडून दहा लाखांहून जास्त बंदुका चोरीला गेल्या. बंदूक-नियंत्रणासाठी काम करणाऱ्या एव्हरीटाउन या संस्थेनं तीनशेहून जास्त शहरांतल्या पोलीस नोंदी तपासल्या, तेव्हा २०२२ मध्ये नोंदवलेल्या चोऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त बंदुका गाड्यांमधून गेलेल्या दिसल्या, आणि त्या गाड्या बहुतेक वेळा मालकाच्या घरासमोरच उभ्या होत्या. आपल्याकडे परवाना मिळणंच कठीण, बंदुका मोजक्या. म्हणून इथे एकेका बंदुकीचं हरवणं जास्त गंभीर आहे. बाजारात बंदूक विकत न मिळणाऱ्या माणसाला ती चोरीतून मिळू शकते.

कोकणात आणखी एक गोष्ट. उन्हात बंद गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी तापते आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते. काडतुसं तेवढ्यानं उडत नाहीत, पण त्यातली दारू उष्णतेनं लवकर जुनी होते. रात्री गाडी निवली की हवेतला ओलावा पोलादावर बसतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेल्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवा बऱ्यापैकी कोरडी असतानाही पाणी ओढून घेतं, त्यामुळे समुद्रकाठी पोलाद आपल्याला कोरडं दिसलं तरी पुष्कळदा ओलंच असतं. चोर आला नाही तरी गंज येतोच.

आता चोरीनंतरचा तास. इथे आबाकाकांकडून जे झालं ते आपल्यापैकी कुणाकडूनही झालं असतं. परवान्याचं पुस्तक घरी होतं, म्हणून ते गाडी घेऊन घरी गेले. पुतण्याला वाटलं काकांना काच टोचेल, म्हणून त्यानं सीट झाडली, दार आतून-बाहेरून ओल्या फडक्यानं पुसलं. मग संध्याकाळी सगळे ठाण्यात गेले. मी पोचलो तेव्हा गाडी लख्ख होती, आणि मला पोटात कालवलं.

पुसलं गेलं ते काय? बोटांचे ठसे, हे सगळ्यांना माहीत असतं. ठशांच्या वर्गीकरणावर चालणारा जगातला पहिला ब्युरो १८९७ साली कलकत्त्यात सुरू झाला आणि ती पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. गुळगुळीत काच आणि रंगवलेला पत्रा ठशांसाठी उत्तम. पण मला हळहळ वाटली ती दाण्यांची.

काच फुटते तेव्हा सगळे कण आत जात नाहीत. काही बारीक कण फोडणाऱ्याच्याच दिशेनं मागे उडतात, मीटरभर किंवा जास्तही, आणि त्याच्या केसांत, सदऱ्यावर, विजारीच्या घडीत बसतात. डोळ्यांना ते दिसतही नाहीत. चालता-वावरताना पहिल्या काही तासांतच त्यातले बहुतेक गळून पडतात, म्हणून वेळ महत्त्वाचा. संशयिताच्या कपड्यावर असा कण मिळाला तर तो याच गाडीचा की त्याच्या घरच्या फुटक्या पेल्याचा, हे कसं ओळखायचं?

शाळेच्या प्रयोगशाळेत करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची नळी सोयाबीनच्या तेलात बुडवा. बुडालेला भाग नाहीसा होतो. नळी तिथेच असते, पण काच आणि तेल प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात, त्यामुळे दोघांमधली कड दिसायला कारणच उरत नाही. प्रकाश किती वाकतो याच्या या मापाला अपवर्तनांक म्हणतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काचेचा कण खास सिलिकॉन तेलात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तेल हळूहळू तापवतात. तापलं की तेलाचा अपवर्तनांक उतरत जातो, काचेचा जवळपास तसाच राहतो. ज्या तापमानाला कणाची कड विरून जाते, ते तापमान त्या काचेचा अपवर्तनांक सांगतं. मग तोच प्रयोग गाडीच्या काचेवर करून दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. आकडे जुळले म्हणजे काच नक्की हीच, असं होत नाही, कारण एकाच कारखान्यातल्या एका खेपेच्या हजारो काचा सारख्या असतात. पण जुळले नाहीत तर ही काच ती नव्हे, हे ठामपणे सांगता येतं.

तुलनेला गाडीची काच लागते, आणि सीटवरची सगळी केरात गेलेली. सुदैवानं दाराच्या पोकळीत, काच वर-खाली होते त्या रबराच्या खाचेत, मूठभर दाणे उरले होते. पंचनाम्यात तेच घेतले.

म्हणून, गाडी फोडलेली दिसली तर दाराला हात लावू नका, गाडी हलवू नका. तिथूनच ११२ लावा. परवान्याच्या अटींतच आहे की शस्त्र किंवा काडतुसं हरवली, चोरीला गेली तर जवळच्या पोलीस ठाण्यात ताबडतोब कळवलं पाहिजे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. कागद मागाहून आणता येतात. त्या चार तासांत ती बंदूक कुठल्या कुठे जाऊ शकते, आणि उद्या तिनं कुणाचा जीव गेला तर ती आपल्याकडून कधी गेली याची लेखी वेळ असणं आपल्यासाठीही गरजेचं आहे.

ठाण्यात पहिला प्रश्न आला, नंबर काय? आबाकाकांना चाळीस वर्षांत तो कधी पाठ करावा लागला नव्हता. परवान्याच्या पुस्तकात होता, जिल्हाधिकारी कार्यालयातही नोंद आहे, आणि आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट ओळख क्रमांक असतो. तरी मोबाइलमध्ये बंदुकीच्या नंबराचा एक फोटो असता तर संध्याकाळ झाली नसती.

पुतण्यानं विचारलं, "चोर नंबर कानसीनं घासून टाकणार. मग काय उपयोग?"

या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं. नंबर पोलादावर ठशानं ठोकलेला असतो. घणाखाली पोलादाचे सूक्ष्म स्फटिक चेचले जातात, आणि हे चेचणं नुसतं खाचेपुरतं राहत नाही, खाचेच्या तळाखाली खोलवर उतरतं. तांबट हंड्यावर मठारकाम करतो तेव्हा हेच घडतं. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, कारण स्फटिकांची रचना आतून बिघडलेली असते. घासल्यानं खाच जाते, खालचं चेचलेलं पोलाद तसंच राहतं. मुका मार म्हणतात ना, तसं. वर वळ नाही, आत दुखणं आहे.

प्रयोगशाळेत तो भाग आरशासारखा घासून त्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण हलक्या हातानं फिरवतात. चेचलेल्या पोलादात ऊर्जा साठलेली असते, त्यामुळे तिथे रासायनिक क्रिया आजूबाजूपेक्षा वेगळ्या गतीनं होते, आणि सपाट धातूवर हळूहळू आकडे उमटू लागतात. कधी एखादाच आकडा काही क्षण दिसतो आणि विरतो, म्हणून कॅमेरा तयार ठेवून बसावं लागतं. फार खोल घासलं असेल, किंवा बंदूक वर्षभर खाडीत पडून गंजानं पोखरली असेल, तर हे साधत नाही. बाकी वेळा पुष्कळदा साधतं. कायद्यालाही हे ठाऊक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे नंबर खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडते, त्यानंच तो खोडला असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं.

पण या सगळ्यासाठी बंदूक सापडायला हवी. ती सापडायच्या आधीच कुठे वापरली गेली तर?

पिस्तूल किंवा रायफलीच्या नळीत आतून पेचदार खोबणी असतात आणि गोळीवर त्यांचे ओरखडे उठतात. बाराबोरची नळी आतून गुळगुळीत. (एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेमतेम या नळीत बसेल, म्हणून 'बारा' बोर. व्यास सुमारे साडेअठरा मिलीमीटर.) छर्र्यांवर नळी ओळखता येईल अशी खूण राहत नाही. राहते ती पुंगळीवर, म्हणजे बार उडाल्यावर मागे उरणाऱ्या काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यावर.

घोडा पडला की फायरिंग पिन काडतुसाच्या बुडाच्या मऊ टोपीवर आदळते आणि खळगा पाडते. दारू पेटल्यावर शेकडो वातावरणांच्या दाबानं काडतुसाचं बूड मागच्या पोलादी भिंतीवर दाबलं जातं. त्या भिंतीवर कारखान्यातल्या हत्यारानं सोडलेल्या बारीक रेघा असतात, वापरानं पडलेले चरे असतात. लाखेवर मोहोर उठावी तशा त्या टोपीच्या धातूवर उठतात. तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली दोन पुंगळ्या एकाच वेळी, शेजारी-शेजारी बघता येतात. १९२० च्या दशकात अमेरिकेत कॅल्विन गोडार्ड यांनी हे तंत्र रुजवलं. अर्थात शेवटी हा तज्ज्ञाच्या नजरेचा निर्वाळा असतो. २०१६ साली अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार परिषदेनं, या पद्धतीत चूक किती वेळा होते हे मोजणारे नीट आखलेले अभ्यास आणखी हवेत, असं स्पष्ट म्हटलं होतं. मला ते पटतं. तपासाला दिशा द्यायला मात्र ही खूण मोलाची आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासतात, तिला पुंगळीच नसते, तिथे हा मार्ग बंद.

मी आबाकाकांना विचारलं, जुन्या पुंगळ्या टाकल्यात की आहेत? ते क्षणभर बघत राहिले. मग पडवीत गेले. कोनाड्यात, कोयत्याच्या आकडीशेजारी, एका पत्र्याच्या डब्यात सात रिकाम्या पुंगळ्या होत्या. नातवंडं खेळतात म्हणून ठेवलेल्या. लाल प्लास्टिक उन्हानं फिकं झालेलं, पण पितळी बुडावरचे खळगे जसेच्या तसे. हरवलेल्या बंदुकीची सही आमच्या हातात होती, तीही सातदा केलेली.

दुसऱ्या दिवशी त्या ठाण्यात दिल्या. हवालदारांनी एकेक मोजून कागदात गुंडाळली, लाखेनं सीलबंद केली, आबाकाकांची सही घेतली. आता कुठे बाराबोरची पुंगळी सापडली तर ती या सातांशेजारी ठेवून बघता येईल.

बंदूक अजून मिळालेली नाही. आबाकाका मात्र परवा गुडघा दुखत असताना सड्यावर गेले, कलमांखालचा पाचोळा काठीनं उकरत दुपारभर फिरले, आणि आणखी दोन पुंगळ्या घेऊन खाली आले.