‘सारे भारतीय माझे बांधव’ : पार्श्वभूमी

शाळा सुटून वर्षं लोटली की प्रतिज्ञा अर्धीमुर्धीच आठवते. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ एवढं मात्र पक्कं असतं. (मग लग्न कुणाशी करायचं, हा वर्गातल्या मागच्या बाकावरचा विनोदही.) ती लिहिणाऱ्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव मूळचे नलगोंडा जिल्ह्यातले. विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी असताना, १९६२ साली, त्यांनी ती तेलुगूत लिहिली. पुढच्या वर्षी तिथल्याच एका शाळेत ती म्हटली गेली. १९६४ साली बंगळूरला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष होते केंद्रीय शिक्षणमंत्री मो. क. छागला, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. त्यानंतर २६ जानेवारी १९६५ पासून प्रतिज्ञा देशभरच्या शाळांत गेली.

तेलुगूत शब्द आहे ‘सहोदर’, एका उदरातले. मराठीत ‘बांधव’ आला आणि नातं जरा सैल, पण ऐसपैस झालं. आपल्याकडे बांधव म्हटलं की भाऊबंदकीही आठवते, ते सोडा.

देशाला घर मानण्याची ही कल्पना प्रतिज्ञेच्या आधीच संविधानात होती. नेहरूंनी संविधान सभेत मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात ‘बंधुता’ नव्हती; ती उद्देशिकेत घातली मसुदा समितीने. समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तिच्याबद्दल सविस्तर बोलले. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होणार, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता. बंधुता आहे असं त्यांनी धरलंच नव्हतं. ती अजून आणायची होती.

या घरात सगळी भावंडं आहेत, कर्ता कुणी नाही. कर्ता आला तो आणीबाणीत. सत्ताधारी काँग्रेसने नेमलेल्या स्वर्णसिंग समितीने १९७६ साली नागरिकांची कर्तव्यं संविधानात घालायला सुचवलं, आणि ती मोडणाऱ्याला शिक्षेची तरतूदही. हक्क गोठलेले असताना कर्तव्यांची यादी पुढे यावी, हे घरातल्या वडीलधाऱ्याने आधी दार लावून घ्यावं आणि मग शिस्त शिकवावी तसं होतं. ४२ व्या घटनादुरुस्तीने दहा कर्तव्यं आली (अनुच्छेद ५१-क), शिक्षेची सूचना मात्र संसदेने घेतली नाही. आणीबाणी गेली, त्या दुरुस्तीतलं बरंच काही पुढच्या सरकारने मागे घेतलं, कर्तव्यं राहिली. कारण यादी वाईट नव्हती: बंधुभाव वाढवणं, स्त्रियांना कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं, वैज्ञानिक दृष्टी, नद्या-जंगलांची राखण. आली ती वेळ वाईट होती.

अकरावं कर्तव्य २००२ साली ८६ व्या दुरुस्तीने जोडलं गेलं. ते आईवडिलांवर आहे: सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या मुलाला शिक्षणाची संधी द्यायची.