गर्भितार्थ: बोलण्यातला, तर्कातला आणि कायद्यातला

गर्भितार्थ म्हणजे शब्दात न सांगता पोचवलेली गोष्ट, किंवा एक गोष्ट मान्य केली की तिच्यामागून जी मान्य करावीच लागते ती. रोजच्या बोलण्यात आपण सरळ "ते आलंच की त्यात" म्हणतो, आणि कट्ट्यावर, गणिताच्या वर्गात, कोर्टात सगळीकडे मूळ भांडण हेच असतं की नक्की काय "आलंच" आणि काय आपण आपल्या मनाने घुसडलं. नियम मात्र तिन्हीकडे वेगळे आहेत. ओळखायची सोपी खूण म्हणजे तो गर्भितार्थ मागे घेता येतो का ते बघायचं: बोलण्यातला घेता येतो, कायद्यातला दोन्ही बाजूंनी ठरवलं तर बऱ्याचदा काढून टाकता येतो, आणि तर्कातला कोणाच्या बापालाही मागे घेता येत नाही.

बोलण्यातला

"रविवारी वास्तुशांतीला येताय ना?" "बघू, जमलं तर." संपलं, यजमान ताटांच्या हिशोबातून एक घर वजा करतो. नकाराचा एक शब्द उच्चारलेला नाही. किंवा शिपाई सांगतो "काही पोरं पास झाली", आपण धरून चालतो की सगळी झाली नाहीत, पण तोच पुढे "काही म्हणजे काय, सगळीच झाली की" असं म्हणाला तर आपण त्याला खोटारडा म्हणत नाही, फक्त आपला अंदाज मागे घेतो. या प्रकाराची आधुनिक मांडणी पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1967 च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानांत केली. समोरचा माणूस बोलण्यात सहकार्य करतोय, मुद्द्याचं आणि पुरेसं बोलतोय, असं ऐकणारा धरून चालतो आणि त्यावरून न बोललेलं भरून काढतो, हे त्याचं म्हणणं.

आपल्याकडे हे भांडण हजार वर्षं आधीच रंगलं होतं आणि नाशिककरांनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट म्हणजे ते रंगलं गोदाकाठच्या एका गाथेवरून. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत (हे तेच सातवाहन ज्यांचे शिलालेख पांडवलेण्यांत आहेत) महाराष्ट्री प्राकृतातली एक गाथा आहे, "भम धम्मिअ वीसत्थो" अशी सुरू होणारी. एक बाई एका धार्मिक बुवाला सांगते की बाबा, आता खुशाल हिंड, तुला त्रास देणारं ते कुत्रं आज मेलं, गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारलं त्याला. शब्दांत आहे "हिंड". पण जो कुत्र्याला घाबरत होता त्याला सिंह दाखवून हिंड म्हणणं म्हणजे काय ते कोणीही सांगेल: इकडे फिरकू नकोस. कारण त्या झाडीत तिला तिच्या माणसाला भेटायचंय आणि हा फुलं तोडायला नेमका तिथेच येतो.

काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वन्यालोकात हीच गाथा घेतली आणि दाखवलं की वाच्यार्थ (शब्दांचा सरळ अर्थ) परवानगीचा असून ध्वनी (सुचवलेला अर्थ) मनाईचा असू शकतो, म्हणून अभिधा (सरळ अर्थ देणारी) आणि लक्षणा (सरळ अर्थ जुळत नसेल तेव्हा जवळचा अर्थ देणारी) यांच्या पलीकडे व्यंजना (अर्थ सुचवणारी) ही शब्दाची वेगळी शक्ती मानायला हवी. यावर अकराव्या शतकात महिमभट्ट उठला. त्याचं म्हणणं, वेगळी शक्ती वगैरे काही लागत नाही, हे साधं अनुमान आहे, सिंह आहे म्हणजे भित्र्या माणसाने तिथे जाऊ नये, धूर बघून आग ओळखतो तसंच. मग मम्मटाने काव्यप्रकाशात याला घेतलं, आणि काय घेतलं! भित्रा माणूससुद्धा गुरूची आज्ञा असेल, प्रेमाचा मामला असेल तर धोक्याच्या जागी जातोच की. दुसरं म्हणजे कुत्र्याला टाळणारा विटाळामुळे टाळत असेल, सिंहाला भीत नसेलही. आणि सगळ्यात भारी, सिंह आहे हे सांगतंय कोण, तर तीच बाई, तिच्या शब्दाचा भरवसा काय? म्हणजे अनुमानाला जो पक्का आधार लागतो (धुरासारखा) तो इथे नाहीच, तरी अर्थ मात्र ऐकणाऱ्याला लख्ख कळतो. माझ्या मते हा सामना मम्मटानेच मारला, आणि ग्राइसचा "मागे घेता येणारा अर्थ" या मुद्द्याच्या फार जवळचा आहे.

बोलण्यातला आणि तर्कातला या दोन गर्भितार्थांच्या मधली एक चीज मीमांसकांनी (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी) सांगितलीये, अर्थापत्ती. देवदत्त लठ्ठ आहे पण दिवसा जेवत नाही, म्हणजे रात्री हाणतो. मीमांसक हिला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवायचं वेगळं साधन, मानतात, नैयायिक (न्यायशास्त्राचे, म्हणजे तर्काचे पंडित) म्हणतात हे अनुमानातच बसतं.

तर्कातला

इथे प्रकरण कोरडं पण कडक आहे. "जर क तर ख" हे विधान एकाच परिस्थितीत खोटं ठरतं, क खरं आणि ख खोटं असेल तेव्हा. बाकी तिन्ही वेळा ते खरं धरतात. नाशिकच्या वरच्या अंगाच्या गंगापूर धरणातून मोठा विसर्ग सोडला तर रामकुंडावर पाणी वाढतं, हे घ्या. विसर्ग सोडलाय, म्हणजे पाणी वाढणार, हे बरोबर. पाणी वाढलंच नाही, म्हणजे मोठा विसर्ग सोडलेला नाही, हेही बरोबर. पण रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या (गोदेच्या पुराची पातळी लोक ज्या मूर्तीवरून मोजतात तिच्या) कमरेला पाणी लागल्याचा फोटो व्हॉट्सअपला आला की लगेच "धरणाचे दरवाजे उघडले" असा मेसेज फिरवणं हे तर्काच्या दृष्टीने चूक, कारण धरणाच्या खालच्या भागात झालेल्या पावसाचं पाणीसुद्धा नाल्याओढ्यांतून नदीतच येतं. न्यायशास्त्रात याचं ठरलेलं उदाहरण आहे: धूर तिथे आग, पण आग तिथे धूर नाही, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते आणि धूर नसतो.

लोकांना खटकतं ते क मुळातच खोटं असेल तेव्हाचं. "तो निवडून आला तर मी मिशी भादरीन." तो पडला, मिशी जागेवर, पण बोलणारा खोटा ठरला नाही. ही व्याख्या मेगाराच्या फिलोने ख्रिस्तपूर्व काळात दिली आणि त्याच्याच गुरूला, डायोडोरसला ती पटली नव्हती, हा वाद इतका गाजला की कॅलिमाकस या कवीने लिहिलं की छपरावरचे कावळेसुद्धा जर-तरवर कावकाव करतायत. 1879 मध्ये फ्रेगेने तीच व्याख्या आधुनिक तर्कशास्त्राच्या पायात घातली. नुसत्या खऱ्याखोट्याच्या जुळणीवर समाधान न झाल्याने सी. आय. लुइसने 1918 मध्ये कडक जर-तर (strict implication) मांडलं, ज्यात क खरं असून ख खोटं असणं शक्यच नसायला हवं.

कायद्यातला

भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 9 सांगतं की प्रस्ताव किंवा स्वीकृती शब्दांत असेल तर वचन व्यक्त, शब्दांशिवाय असेल तर ते गर्भित. नाशिकच्या सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) रिक्षात बसून "पंचवटी" म्हणता आणि रिक्षा सुटते, भाडं देणार का हे कोणी विचारत नाही, ते आलंच. मिसळीच्या बऱ्याच ठिकाणी रस्सा परत मागितला तर बिलात लागत नाही आणि पाव मागितला तर लागतो, हा गिऱ्हाईक-मालकातला न लिहिलेला करारच, आणि म्हणूनच एखाद्याने "जादा रस्सा घेतल्यास चार्ज पडेल" असा बोर्ड लावला की लोक वैतागतात पण भांडू शकत नाहीत, स्पष्ट लिहिलेलं गर्भितावर मात करतं. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 62 मध्ये जवळपास हेच आहे, कायद्याने गृहीत धरलेल्या अटी स्पष्ट कराराने, आपसातल्या वहिवाटीने किंवा दोघांना बांधील असलेल्या रूढीने बदलता येतात किंवा काढून टाकता येतात.

त्याच कायद्याचं कलम 17 समजायचं तर लासलगाव नाहीतर पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला जाऊन बघावं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने लागलेल्या, व्यापारी वरचा कांदा उचलतो, दाबतो, पत्ती बघतो, बोली होते, पावती फाटते आणि ट्रॉली खळ्यावर जाते. तिथे खाली करताना तळातून गोल्टी (बारीक कांदा) किंवा सडका माल निघाला की झाला वांधा, व्यापारी भाव तोडायला बसतो. नमुन्यावरून विक्री असेल तर सगळा माल नमुन्यासारखाच असला पाहिजे ही अट कायदा न बोलता घालतो. शेतकरी म्हणतो नमुना कसला, तुम्ही ट्रॉली डोळ्याने बघून घेतलीत, आणि तोही अगदीच वाऱ्यावर बोलत नसतो, कारण तपासून घेतलेल्या मालात जो दोष तपासणीत दिसायलाच हवा होता त्याची तक्रार कलम 16 खाली नंतर चालत नाही. गंमत म्हणजे विक्री नमुन्यावरून आहे की नाही हे कलमाप्रमाणे व्यक्त किंवा गर्भित असू शकतं, म्हणजे गर्भितातच आणखी एक गर्भित.

कोर्टाने न लिहिलेली अट करारात कधी वाचावी याची कसोटी इंग्लंडातून आली. 1889 च्या मूरकॉक खटल्यात थेम्सच्या धक्क्याला लागलेलं जहाज ओहोटीला कठीण तळावर बसून खराब झालं, आणि कोर्ट म्हणालं की तळ सुरक्षित आहे का हे धक्केवाल्याने वाजवी काळजीने बघायला हवं होतं, नाहीतर त्या व्यवहाराला अर्थच काय. 1939 च्या शर्लॉ खटल्यात न्या. मॅकिननने आगाऊ बघ्याची कल्पना मांडली: करार करताना शेजारी उभ्या उपटसुंभाने "हे पण लिहा ना" म्हटलं तर दोघांनी वैतागून "अहो ते आलंच!" म्हणायला हवं, तरच ती अट गर्भित.

भारतात सगळ्यात मोठी मजल राज्यघटनेत मारली गेली. संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही असं घटनादुरुस्तीच्या कलम 368 मध्ये शब्दांत कुठेच नाही, ते 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 13 न्यायाधीशांनी 7 विरुद्ध 6 अशा बहुमताने काढलं. खाजगीपणाचा हक्कही असाच, 2017 मध्ये 9 न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की तो जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम 21 मध्ये आहेच.

गप्प बसण्याचं मात्र वेगळं आहे. आपण "मौनं संमतिलक्षणम्" म्हणून मोकळे होतो, कायदा होत नाही. 1862 च्या फेल्टहाउस खटल्यात काकाने पुतण्याला लिहिलं, उत्तर आलं नाही तर 30 पौंड 15 शिलिंगला घोडा माझा समजेन. पुतण्याच्या मनात द्यायचंही होतं पण त्याने कळवलं नाही, कोर्टाने करार झालाच नाही म्हणून सांगितलं. फौजदारी कायद्यात तर 2013 च्या दुरुस्तीने स्पष्टच लिहिलं की बलात्काराच्या संदर्भात संमती म्हणजे शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य प्रकारे दिलेला निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार, आणि स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तो होकार धरता येणार नाही. 2023 च्या भारतीय न्याय संहितेत कलम 63 मध्ये ही तरतूद तशीच आहे.