कैरॉस

कैरॉस : ‘उचित किंवा नेमलेला समय’ या अर्थाचा ग्रीक शब्द. ख्रिस्ती ईश्वरविद्येत देवाने ठरवलेली वेळ आणि ती ओळखण्याची पारख या संदर्भात तो वापरतात. मराठी ख्रिस्ती बोलण्यातली ‘देवाची वेळ’ ती हीच.

व्युत्पत्ती अनिश्चित आहे. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात ‘कैरिऑस’ हे विशेषण बाण लागला तर जिवावर बेतेल अशा मर्मस्थानासाठी येते. कालवाचक अर्थ बहुधा नंतरचा. विणकामातील एका जवळजवळ समोच्चारी शब्दाशीही नाते जोडले गेले आहे, पण त्याचा स्वराघात वेगळा असल्याने ते सर्वमान्य नाही. आधुनिक ग्रीकमध्ये कैरॉस म्हणजे हवामानसुद्धा.

हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात उपदेशक 3:1 मधील ‘झमान’ (ठरलेला काळ) या हिब्रू शब्दासाठी ख्रोनॉस (काळासाठीचा दुसरा ग्रीक शब्द) आणि ‘एथ’साठी (वेळ) कैरॉस योजला आहे. पुढच्या ‘जन्मण्याची वेळ, मरण्याची वेळ’ अशा 14 जोड्यांत ‘एथ’ 28 वेळा येतो आणि दर वेळी कैरॉसच. उत्पत्ती 1:14 मधील ‘मोएद’लाही (नेमलेले सणकाळ) तोच शब्द. अशा आधारांवर विसाव्या शतकात ‘ख्रोनॉस म्हणजे मोजता येणारा काळ, कैरॉस म्हणजे ईश्वरी क्षण’ अशी विभागणी लोकप्रिय झाली. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी 1962 मध्ये ती खोडून काढली; शब्दांच्या जोडीवर काळाची ईश्वरविद्या उभारता येत नाही, हे त्यांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. मार्क 1:15 मध्ये कैरॉस आहे, गलती 4:4 मध्ये ख्रोनॉस. प्रचलित मराठी बायबलमध्ये दोन्हीकडे ‘काळाची पूर्णता’च आहे आणि अर्थाला काही बाध येत नाही. प्रवचनांत मात्र विभागणी टिकून आहे.

वेळ ओळखण्याची सर्वांत तपशीलवार पद्धत जेझुइट संघाचे संस्थापक लॉयोलाचे इग्नेशियस यांच्या 1548 मध्ये छापलेल्या साधनाग्रंथात (परिच्छेद 175–188) आहे. निर्णयाचे तीन समय सांगितले आहेत : शंकेला जागाच नसलेला; सांत्वन (देवाकडे ओढणारी आंतरिक उभारी) आणि उदासी (त्याउलट कोरडेपणा) यांच्या आलटून-पालटून येण्यातून कल कळणारा; आणि मन शांत असलेला. तिसऱ्यात प्रश्न नेमका मांडायचा, तराजूच्या काट्यासारखे मध्यावर राहायचे, दोन्ही बाजूंचे लाभ-तोटे पाहायचे, विवेकाचा कौल घ्यायचा आणि तो प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा. अनोळखी माणसाला आपण काय सल्ला दिला असता, मरणाच्या घटकेला काय निवडलेले बरे वाटेल, हेही ताडून पाहायचे. उदासीत आधीचा निर्णय बदलू नये (परिच्छेद 318), हा नियम सर्वाधिक मोडला जातो. दुसरी चूक सूक्ष्म आहे : सांत्वन ओसरल्यावर मागे उरलेल्या उबेत माणूस स्वतःचेच बेत देवाचे समजतो (336).

लूक 12:54–56 मध्ये पश्चिमेचा ढग पाहून पाऊस आणि दक्षिणेचा वारा पाहून उष्मा ओळखणाऱ्यांना सद्यकाळ का पारखता येत नाही, असा येशूचा सवाल आहे; तेथेही शब्द कैरॉसच. जर्मन ईश्वरविद्यातज्ज्ञ पाऊल टिलिख यांनी 1922 पासून कैरॉसची संकल्पना इतिहासाला लावली. दुसरे जर्मन ईश्वरविद्यातज्ज्ञ इमानुएल हिर्श यांनी 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला त्या सत्तांतरात ईश्वरी घटका पाहिली, तेव्हा टिलिख यांनीच त्यांना जाहीर पत्राने विरोध केला. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्धचा ‘कैरॉस दस्तऐवज’ 1985 मध्ये निघाला.

बायझंटाइन (पौर्वात्य ख्रिस्ती) उपासनेत पवित्र विधी सुरू होण्याआधी डीकन (धर्मगुरूचा साहाय्यक सेवक) धर्मगुरूला स्तोत्र 119:126 च्या शब्दांत सांगतो : प्रभूने कार्य करण्याची वेळ झाली आहे. ग्रीक पाठात तेथेही कैरॉस आहे.