बेसिनचा टवका आणि कमोडची केसाएवढी भेग

परभणीतल्या आमच्या जुन्या घराचं न्हाणीघर आणि संडास यंदा उन्हाळ्याआधी नव्याने करायला घेतलं. पहिल्याच दिवशी फरशी उचकटताना छन्नी निसटली आणि वॉश बेसिनच्या काठाचा नखाएवढा टवका उडाला. दुपारी कमोड जागेवरून हलवलं, तर त्याच्या बुडाशी काळसर, केसासारखी बारीक रेघ दिसली. मिस्त्रीमामा बेसिनपाशी हळहळले. "हे गेलं सर, नवीन आणा," म्हणाले. कमोडचं त्यांना काहीच वाटलं नाही. "ह्याला काय होत नाही. व्हाईट सिमेंट मारून देतो."

खरं तर दोन्ही उलटं होतं. बेसिन वाचण्यासारखं होतं, कमोड मात्र काढून टाकायलाच हवं होतं. घर नव्याने करताना ही चूक फार जणांकडून होते, कारण डोळ्याला टवका मोठा दिसतो आणि भेग दिसतच नाही.

चिनी मातीचं भांडं आतून कसं असतं ते कळलं की हा गोंधळ राहत नाही. आपला पाण्याचा माठ आणि हे बेसिन, दोघंही मातीचेच. माठ सातशे ते नऊशे अंशांवर भाजतात. त्यात बारीक छिद्रं राहतात, त्यांतून पाणी झिरपतं, उडून जातं आणि म्हणून तर माठ गार राहतो. बेसिनसाठी केओलिन ही पांढरी माती, गारगोटी आणि फेल्स्पार हे खनिज यांचं मिश्रण १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. फेल्स्पार वितळून काचेसारखा होतो आणि कणांमधली छिद्रं भरून टाकतो. चांगलं भांडं स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषतं. त्यावर झिलई, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा काचेचा थर.

ही झिलई नुसती चमकण्यासाठी नसते. ती अशी बनवतात की भट्टीतून निघून थंड होताना खालच्या मातीपेक्षा किंचित कमी आकसावी. म्हणजे माती तिला कायम चहूबाजूंनी आत आवळून धरते. काच असो की चिनी माती, दाबाला ती खूप टिकते आणि ताणाला लगेच हार मानते. आधीच आवळलेल्या थराला ताण द्यायला जास्त जोर लागतो. हे गणित चुकलं आणि झिलई जास्त आकसणारी निघाली, की काही वर्षांनी तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात.

म्हणून प्रश्न एवढाच विचारायचा: इजा अंगरख्याला, म्हणजे वरच्या झिलईला, झाली आहे की आतल्या अंगाला?

ते तपासायला नीळ पुरते. कपड्यांची पातळ नीळ रेघेवर लावायची, दोन मिनिटं थांबायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं. धड झिलईवरून नीळ साफ निघते. भेग असेल तर ती नीळ आत ओढून घेते आणि निळी रेषा तशीच राहते. भेग जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. दिव्याची वात तेल वर ओढते त्यातलाच हा प्रकार. आमच्या बेसिनचा टवका असा पुसला तेव्हा खळग्याच्या कडेला निळं राहिलं, पण तिथून पुढे एकही रेष गेली नाही. कमोडची रेघ मात्र आतल्या बाजूलाही निळी उमटली. म्हणजे आरपार.

दुसरी परीक्षा आईने केली. बाजारात माठ घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून बघतात, तशी तिने दोन्ही भांडी वाजवली. बेसिन ठणठणीत वाजलं, कमोड बद्द. अखंड भांड्यात कंप बिनअडथळा फिरतो. भेग असली की तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि तो तिथेच विरतो. फक्त ही परीक्षा भांडं सुटं करून घ्यावी, भिंतीत सिमेंटने बसवलेलं बेसिन धड असलं तरी दबकंच वाजतं.

आता एवढीशी भेग इतकी वाईट का? १९२० च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काच तिच्या हिशेबी ताकदीच्या मानाने इतक्या थोड्या जोरात का फुटते, याचा उलगडा केला. भेगेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो आणि भेग जितकी लांब, तितक्या कमी जोरात ती पुढे सरकते. लोखंड अशा वेळी थोडं वाकून घेतं, चिनी मातीला वाकताच येत नाही. त्यात भर पाण्याची. ताणलेल्या टोकाशी सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध पाणी हळूहळू तोडत जातं, म्हणून ओली भेग कोरडीपेक्षा लवकर वाढते. कमोड दिवसभर ओलं असतं आणि दर उठबशीला त्यावरचा भार हलतो. ते फुटलं तर कडा काचेसारख्या धारदार निघतात, जखम खोल होते. घरात म्हातारं माणूस असताना हा धोका पत्करू नये, असं मी अगदी कळकळीने सांगतो. व्हाईट सिमेंट झिलईला नीट चिकटत नाही. ते भेगेचं फक्त तोंड बुजवतं, आतलं टोक तसंच राहतं.

टवक्याला मात्र औषध आहे. खळगा धुऊन पूर्ण कोरडा करा. आमच्याकडच्या उन्हात एक दिवस पुरतो. बारीक पॉलिश पेपरने कडा किंचित खरखरीत करा आणि दोन भाग कालवून लावायचं पांढरं इपॉक्सी पातळ थरांत भरा. एकदम जाड गोळा थापू नका. चोवीस तास पाणी लागू देऊ नका. इपॉक्सी काचेइतकं कठीण नसतं, त्यामुळे त्यावर तारेची घासणी फिरवली तर ते जातं.

काही वेळा तर इजा झालेलीच नसते. नळ बसवताना पान्हा घासून करड्या रेघा उठतात, त्यांना लोक ओरखडे समजतात. पेन्सिल कागदावर उमटते तसा तो झिलईवर राहिलेला धातू असतो, ऑक्झॅलिक ऍसिड असलेल्या क्लीनरने तो निघतो (हातमोजे घालूनच). आणि बोअरच्या पाण्याची पांढरी-पिवळट खरपुडी! मराठवाड्यातल्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं, पाणी उडून गेलं की त्याचे क्षार मागे राहतात. त्यापायी कित्येक धड बेसिनं भंगारात गेलेली मी पाहिली आहेत. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं रात्रभर टाकून ठेवा, खरपुडी मऊ पडते. बाथरूम ऍसिडनेही ती फसफसून जाते, पण सोबत फरशीच्या सांध्यातलं सिमेंट आणि नळाची चमकही जाते. आणि ऍसिड ब्लीचिंगमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

नवं कमोड घेताना दोन बटणांची, तीन आणि सहा लिटरची टाकी घेतली. जुनी प्रत्येक वेळी दहा लिटर सोडायची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, हे विसरलेला माणूस आमच्या भागात सापडायचा नाही.

बसवताना मिस्त्रीमामांना एक विनंती केली: बोल्टखाली रबरी वॉशर घाला आणि पान्हा हलक्या हाताने फिरवा. जास्त आवळलेल्या बोल्टाने भोकाच्या कडेला ताण बसतो आणि नवी भेग तिथूनच निघते. गीझरचंही तसंच. परभणीत डिसेंबरात काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली उतरला आहे. अशा पहाटे गारठलेल्या बेसिनमध्ये कडकडीत पाणी एकदम ओतलं तर आतली बाजू पसरते, बाहेरची गारच राहते आणि तिथे ताण बसतो. आधी गार नळ सोडायचा, मग गरम.

जुनं कमोड गोणपाटात गुंडाळून, वर पाणी मारून, डोळ्याला चष्मा लावून मामांनी घणाने फोडलं. पाणी अशासाठी की ती सिलिकाची धूळ छातीत जाऊ नये. ते तुकडे नव्या न्हाणीच्या भरावात गेले.